गोठवलेली किवी वितळल्यावर लगदा का होते? नेहमीची तक्रार आणि तिच्यावरचे उपाय

तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात सारखीच असते. किवीच्या चकत्या करून डब्यात भरल्या, डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवला, महिन्याभराने बाहेर काढून वाटीत घेतल्या, आणि तासाभरात वाटीच्या तळाशी हिरवट पाणी साचून वर मऊ, लोळागोळा झालेला गर उरला. पुढच्या वेळी डबा बदलून पाहिला, त्यापुढच्या वेळी चकत्या जाड कापल्या, तरी निकाल तोच. ही अडचण वारंवार येते, कारण उपाय बहुधा वितळवण्याच्या टप्प्यावर शोधला जातो, आणि बिघाड मात्र त्याच्या कितीतरी आधी, किवी फ्रीझरमध्ये ठेवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होऊन गेलेला असतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत पुढे येतो. डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की किवीची मागणी वाढते, आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण किवीचा खोका घेऊन येतो, आणि रुग्ण बरा होईपर्यंत घरात किवीची रास जमते. (किवी खाल्ल्याने प्लेटलेट वाढतात ही समजूत सर्वत्र पसरलेली असली, तरी तिला उपचाराची जागा देता येणार नाही, त्या बाबतीत डॉक्टरांचेच ऐकावे.) फळ महाग, टाकवत नाही आणि एकदम संपतही नाही, म्हणून ते फ्रीझरमध्ये जाते. हिमाचल प्रदेशातील किवी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरते, त्यामुळे थंडीच्या सुरुवातीलाही हीच वेळ येते.

म्हणून पहिला प्रश्न असा की गोठवण्याची खरोखर गरज आहे का. किवी हे झाडावरून काढल्यानंतर पिकणारे फळ आहे, आणि टणक असताना ते फ्रीजच्या साध्या कप्प्यात, केळी आणि सफरचंदांपासून दूर, सच्छिद्र पिशवीत ठेवले तर कित्येक आठवडे उत्तम टिकते. लागतील तेवढीच फळे बाहेर काढून पिकवावीत. पिकलेले फळसुद्धा फ्रीजमध्ये पाच-सात दिवस सहज राहते. खोक्यातील फळे दगडासारखी कडक असतील, तर घाईने ती कापून गोठवण्याचे काहीच कारण नाही. फळे एकाच वेळी पिकून मऊ होऊ लागली आणि आठवड्याभरात संपणार नसतील, तेव्हाच फ्रीझरचा विचार करावा.

पाणी कुठून येते

किवीच्या गरात वजनाच्या सुमारे 83 टक्के पाणी असते आणि ते असंख्य बारीक पेशींमध्ये बांधलेले असते. ताज्या चकतीचा करकरीतपणा या भरलेल्या पेशींमुळेच टिकतो. गोठताना या पाण्याचे बर्फ होते आणि बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. गोठणे जितके मंद, तितके स्फटिक कमी पण मोठे आणि धारदार. गोठणे जितके जलद, तितके स्फटिक पुष्कळ पण बारीक. शून्याखाली एक ते पाच अंश हा पट्टा सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण फळातील बहुतांश पाणी याच दरम्यान गोठते. कारखान्यात थंड हवेच्या जोरदार झोतात हा पट्टा काही मिनिटांत ओलांडला जातो. घरच्या फ्रीझरमध्ये, खच्चून भरलेल्या डब्याच्या मध्यभागी, त्यालाच कित्येक तास लागतात. त्या अवधीत मोठे स्फटिक तयार होतात आणि पेशी फाटतात. पुढे वितळवताना बर्फाचे पाणी होते, पण ते धरून ठेवणारी भिंतच उरलेली नसल्याने ते बाहेर वाहते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की घरी गोठवलेली किवी पूर्ण वितळल्यावर ताज्या किवीसारखी कधीच लागणार नाही, आणि कोणतीही युक्ती तिला त्या स्थितीत परत आणू शकणार नाही. दुसरी अशी की नुकसान पुष्कळ कमी करता येते, आणि ते कमी करण्याची जागा गोठवण्याच्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात आमरस गोठवून वर्षभर वापरण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि आमरस छान राहतो म्हणून किवीही तशीच राहील अशी अपेक्षा स्वाभाविकपणे निर्माण होते. पण आमरस आधीच गाळलेला, एकजीव केलेला गर असतो; त्यात मोडायला घडणच शिल्लक नसते. किवीच्या चकतीकडून आपण तिची घडण टिकवण्याची अपेक्षा करतो, आणि तीच नेमकी टिकवायला अवघड असते. गर करून गोठवलेली किवी आमरसाइतकीच चांगली राहते. त्यामुळे गोठवण्याआधीच ठरवावे, की ही किवी पुढे मिल्कशेक, सरबत किंवा जॅममध्ये जाणार आहे, की चकती म्हणून खायची आहे. पहिल्या प्रकारासाठी गर करून ठेवणे सोपे, सुटसुटीत आणि जागा वाचवणारे आहे. पुढचा बराचसा मजकूर दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

गोठवण्याच्या दिवशी काय चुकते

सर्वांत आधी फळाची पक्वता. गोठल्यावर पिकणे थांबते. टणक, पिठूळ, आंबट किवी गोठवली तर ती तशीच आंबट राहते, कारण स्टार्चची साखर होण्याचे काम तिथेच थांबते. उलट पार मऊ झालेल्या फळाच्या पेशी आधीच सैल पडलेल्या असतात, आणि बर्फाचा आघात त्यांना मुळीच सोसत नाही. फळ तळहातावर घेऊन देठाकडच्या बाजूला अंगठ्याने हलके दाबावे. किंचित दबले आणि बोट उचलल्यावर खळगा राहिला नाही, तर ती वेळ बरोबर आहे. खोक्यातील सर्व फळे एकदम या अवस्थेला येत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवसांत थोडी थोडी गोठवावीत, आणि त्यात एक मोठा फायदाही आहे, तो पुढे येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे फळाचे तापमान. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ओट्यावरचे फळ चांगलेच कोमट असते. पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगावे लागत नाही. काढलेला माल आधी प्री-कूलिंगमध्ये घेऊन त्याच्यातील उष्णता काढल्याशिवाय तो पुढच्या शीतगृहात किंवा कंटेनरमध्ये जात नाही. द्राक्षे गोठवत नाहीत, फक्त थंड करतात, हे खरे. पण उष्णता आधी काढून टाकण्याचे तत्त्व किवीलाही तसेच लागू पडते. किवी सालीसकट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी थंडगार असतानाच सोलून कापावी. फ्रीझरवरचा भार कमी होतो आणि गोठण्याचा वेळ लक्षणीय घटतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच वेळी फार माल ठेवणे. दर 28 लिटर जागेमागे चोवीस तासांत साधारण एक किलोच ताजे फळ घालावे, असा व्यवहारातील अंदाज आहे. घरच्या दोन दरवाजांच्या फ्रीजमधला वरचा कप्पा साधारण पन्नास-साठ लिटरचा असेल, तर दोन किलोंहून जास्त किवी एका दिवसात ठेवू नये. आणि कप्प्यात आधीचे मटार, पिठाचे गोळे, बर्फाचे ट्रे असतील तर त्याहूनही कमी. थोडे थोडे गोठवण्याचा फायदा हाच.

आता प्रत्यक्ष कृती. साल काढावी, दोन्ही टोकांचा कडक भाग कापून टाकावा, आणि सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या गोल चकत्या कराव्यात. याहून पातळ चकत्या लवकर गोठतात, पण वितळताना त्यांचा आकार मुळीच राहत नाही. जाड चकत्यांचा मध्य उशिरा गोठतो. चकत्या स्वच्छ कापडावर किंवा टिश्यू पेपरवर पसरून वरचे पाणी टिपून घ्यावे. नंतर बटर पेपर घातलेल्या स्टीलच्या ताटलीत, एकमेकींना न चिकटतील अशा, एकाच थरात मांडाव्यात. स्टील किंवा अॅल्युमिनियमची ताटली घ्यावी, प्लॅस्टिकची नको. धातू खालून उष्णता खेचून घेतो. ताटली शक्यतो फ्रीझरच्या तळाला किंवा मागच्या भिंतीजवळ ठेवावी, आणि फास्ट फ्रीझची सोय असल्यास ती आधीच सुरू करून ठेवावी. साधारण तीन-चार तासांनी चकती ताटलीवर टाकून पाहावी. टणक, कोरडा आवाज आला पाहिजे. मऊ ‘थप्प’ झाला तर आत अजून गोठायचे आहे. पूर्ण गोठल्यावरच चकत्या झिप लॉकच्या पिशवीत भराव्यात, पिशवी सपाट दाबून हवा बाहेर काढावी आणि वर तारीख लिहावी.

ताटलीचा हा टप्पा गाळला की डब्यातील चकत्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा होतो. मग लागणाऱ्या चार चकत्यांसाठी सगळा गोळा वितळवावा लागतो, उरलेला परत आत जातो, आणि दुसऱ्यांदा मंद गोठून पूर्णच बिघडतो. ढेकूळ होणे आणि लगदा होणे या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या तरी बऱ्याचदा त्यांचे मूळ एकच असते.

गोड पदार्थांसाठीच किवी वापरायची असेल, तर साखरेचा उपयोग होतो. एक किलो चकत्यांवर 100 ते 120 ग्रॅम साखर भुरभुरून, साखर विरघळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि सुटलेल्या रसासकट डब्यात भरून गोठवावे. साखरेमुळे गोठायला मोकळे असलेले पाणी कमी होते, रंग आणि वास जास्त टिकतो, आणि वितळल्यावर सुटणारा रस वाया न जाता पाक म्हणून वापरता येतो. या पद्धतीत चकत्या सुट्या राहत नाहीत, म्हणून एका वेळेला लागेल तेवढेच एका डब्यात भरावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते; रस किंवा गर असलेल्या डब्यात वर दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडली नाही, तर झाकण उघडते आणि काचेची बरणी तडकते.

वितळवताना

चकती खायची असेल तर ती पूर्ण वितळू देऊच नये, असा माझा ठाम सल्ला आहे. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही लवकर, चकतीच्या कडेचा हिरवा भाग ओलसर आणि चमकदार दिसू लागतो, बियांचे कडे अजून घट्ट असते आणि मधला पांढरट गाभा पूर्ण कडक असतो. सुरी घातली तर बारीक करकर ऐकू येते. हीच खाण्याची वेळ आहे. बर्फच अजून चकतीला आधार देत असतो, म्हणून ती उभी राहते. आणखी वीस मिनिटे थांबलात तर गाभाही सोडतो, आणि मग पाण्याची तक्रार सुरू होते. फळांच्या थाळीत किंवा केकवर किवी मांडायची असेल, तर पाहुण्यांच्या हातात ताटली जाण्याच्या अगदी थोडे आधीच मांडावी. केकवर दोन-चार तास बसणार असेल, तर ताजीच किवी आणावी.

पूर्ण वितळवायचे असेल, म्हणजे जॅम, चटणी किंवा सरबतासाठी, तर पिशवी एका भांड्यात ठेवून ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावे. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी थंड पाण्यात बुडवावी. सपाट पिशवी साधारण अर्ध्या तासात मोकळी होते. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह टाळावा, कारण कडा शिजतात आणि मध्य बर्फच राहतो. सुटलेले पाणी फेकू नये. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा मोठा वाटा त्या पाण्यातच गेलेला असतो, आणि किवी खाण्याचे एक प्रमुख कारण तेच जीवनसत्त्व आहे.

दूध, दही आणि जेलीशी बिनसते

गोठवलेल्या किवीचा मिल्कशेक केला आणि थोड्या वेळाने कडू लागला, किवी घातलेले श्रीखंड दुसऱ्या दिवशी कडवट आणि पातळ झाले, जेली रात्रभर ठेवूनही घट्ट झाली नाही, या तक्रारींमध्ये दोष फ्रीझरचा नसतो. किवीमध्ये अॅक्टिनिडिन नावाचे विकर असते आणि ते प्रथिने तोडते. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तिच्यातील पपेनही याच प्रकारचे काम करते. दुधातील केसिन तुटले की कडू चवीचे तुकडे तयार होतात, आणि जिलेटिन हेही प्रथिनच असल्याने त्याचे जाळे जमण्याआधीच तुटते.

गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही. उलट फाटलेल्या पेशींतून ते सहज बाहेर येते, त्यामुळे वितळलेल्या किवीत ते हाताशीच असते. म्हणून मिल्कशेक केला की लगेच प्यावा, आणि श्रीखंडात किवी वाढताना वरून घालावी, चक्क्यात आधी मिसळू नये. आधी मिसळणे अनिवार्यच असेल, तर गर जाड बुडाच्या पातेल्यात उकळी येईपर्यंत गरम करून दोन-तीन मिनिटे ढवळावा आणि पूर्ण थंड करून वापरावा. उष्णतेने विकर निकामी होते. याची किंमत मात्र रंगात मोजावी लागते, कारण आम्ल आणि उष्णता यांनी हरितद्रव्याचा तजेला जाऊन गर मेंदीसारखा हिरवट-तपकिरी होतो. सोनेरी गराच्या किवीत हा प्रश्न फारसा जाणवत नाही. जेलीसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरणे. तो समुद्री शेवाळापासून मिळतो, प्रथिन नसतो, त्यामुळे किवी त्याला काही करू शकत नाही.

मिक्सरमध्ये गर फार वेळ फिरवला तर बिया फुटतात, आणि पेय रवाळ व किंचित कडसर लागते. थांबत थांबत फिरवावा, किंवा वितळलेली फळे काट्याने चेचावीत; गोठून आधीच मऊ झालेली असल्याने ती सहज चेचली जातात. पिशवीत बर्फाचा भुगा जमणे आणि चकत्यांवर पांढरट, कोरडे डाग पडणे हे आत हवा राहिल्याचे लक्षण आहे. असे फळ खायला घातक नसते, पण चव उतरलेली असते. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून कप्पा किंचित गरम होत असतो, त्यामुळे तिथे हे डाग लवकर दिसतात. शून्याखाली 18 अंशांवर स्थिर राहणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये किवी आठ-दहा महिने बरी राहते. घरच्या कप्प्यातील मात्र तीन-चार महिन्यांत संपवावी. पिशव्या दाराजवळ ठेवू नयेत.

वीज गेल्यावर

वादळी पावसात वीज काही तास जाते, आणि कधी दुरुस्तीसाठी दिवसभर बंद राहते. अशा वेळी फ्रीझरचे दार न उघडणे हाच सर्वांत चांगला उपाय. वेगळा डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर बंद दाराने सुमारे दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर सुमारे एक दिवस माल गोठलेला राहतो; फ्रीजच्या वरच्या कप्प्याला एवढा काळ मिळत नाही. आपण बाहेरगावी असताना वीज गेली होती का, हे कळण्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेले असेल, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे.

वितळू लागलेल्या किवीत अजून बर्फाचे कण लागत असतील, तर ती पुन्हा गोठवली तरी चालते. घडण आणखी ढासळेल, म्हणून मग तिचा गरच करावा. पूर्ण वितळली असली पण हाताला फ्रीजइतकी थंड लागत असेल, तर त्याच दिवशी साखर घालून जॅम किंवा आले-मिरची घालून आंबटगोड चटणी शिजवावी. कोमट झाली असेल, पिशवी फुगली असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर शिजवण्याचाही मोह धरू नये, टाकून द्यावी.